शिकविणाऱ्याची शिदोरी

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेला लागून, आनेकल नावाचा एक तालुका आहे. ‘आनेकल्लु’ म्हणजे कन्नड भाषेत आकाशातून पडणारी गार. गावाचे नाव त्या शब्दावरून पडले, असे सांगतात. नाचणीची शेते आणि रेशमाचे माग ही या भागाची जुनी ओळख. पुढे जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग उच्च शिक्षणाच्या संस्थाही आल्या. मराठी श्रोत्याला हा मुलूख अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकले आणि तो प्रांत शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ रचला. त्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील कवनेही आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. एकाच दरबारात इतक्या भाषांना मानाचा पाट मिळावा, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच आनेकल तालुक्यात, सर्जापूरजवळ, अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. कर्नाटक राज्याच्या कायद्यान्वये २०१० मध्ये त्याची स्थापना झाली. या विद्यापीठाने हाती घेतलेले एक काम फारसे गाजावाजा न होता चालले आहे. समाजशास्त्र, इतिहास, शिक्षणशास्त्र अशा विषयांतील जे निबंध व जी प्रकरणे वर्गात वाचावी लागतात, त्यांची कन्नड आणि हिंदी भाषांतरे करवून घेऊन ती ‘अनुवाद संपदा’ या नावाने सर्वांना खुली करण्यात आली आहेत. गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकांसाठी विद्यापीठ जी नियतकालिके काढते, तीही इंग्रजीबरोबर कन्नड व हिंदी या भाषांतून वाचावयास मिळतात.

वरवर पाहता ही भाषांतराची एक साधी योजना वाटेल. परंतु तिच्या मुळाशी असलेली अडचण साधी नाही. बारावीपर्यंत कन्नडमधून शिकलेला एखादा बुद्धिमान मुलगा महाविद्यालयात येतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे वीस पानांचा इंग्रजी निबंध येतो. त्याला विषय कळत नाही असे नव्हे. वाक्य कळत नाही. तो गप्प बसतो. अध्यापकाला त्याचे गप्प बसणे दिसते, पण त्यावर उपाय करावयास अध्यापकाजवळ काय असते? दुसरे पुस्तक नसते, पारिभाषिक शब्द नसतात, निबंधाचे भाषांतर स्वतः करावे एवढा वेळ नसतो, आणि हे कसे करावे असे विचारावयास कोणी सहकारीही बहुधा नसतो. मग अध्यापक पुढच्या पाठाकडे वळतो आणि मुलगा मागे राहतो. सहा महिन्यांनी निकाल लागतो तेव्हा त्या मुलाच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा पडतो. वस्तुतः अनुत्तीर्ण झालेली असते ती व्यवस्था.

हा प्रश्न आनेकलच्या शिवारात आज उभा असला, तरी मराठी भाषेला तो नवा नाही. मराठीने तो दोनशे वर्षांपूर्वी पाहिला, त्यावर उपाय योजले, काही उपाय यशस्वीही केले आणि पुन्हा पुन्हा ते अर्ध्यावर सोडले. त्या इतिहासातून मला एकच गोष्ट पुढे मांडावयाची आहे. विद्येचे दार विद्यार्थ्यासाठी उघडावयाचे असेल तर आधी शिकविणाऱ्याच्या हाती शिदोरी द्यावी लागते. ज्या ज्या वेळी ती दिली गेली, त्या त्या वेळी दार उघडले. ज्या वेळी नुसती घोषणा झाली, त्या वेळी दारावरची पाटी तेवढी बदलली.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. दुसऱ्याच वर्षी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि १८२२ च्या सुमारास मुंबईत ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ स्थापन झाली. या मंडळीने १८२३ मध्ये एक समिती नेमून, शिक्षणाच्या मार्गात अडथळे कोणते याचा शोध घेतला. समितीने चार उणिवा सांगितल्या: योग्य पुस्तके नाहीत, शिकविण्याची सुलभ पद्धत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. या यादीत एक गोष्ट आढळत नाही, ती लक्षात घेण्यासारखी आहे. एतद्देशीय मुलांना बुद्धी नाही किंवा त्यांच्या भाषेत सामर्थ्य नाही, असे समितीने म्हटले नाही. चारही उणिवा शिकविणाऱ्याच्या बाजूच्या होत्या. आज एखाद्या महाविद्यालयाची पाहणी केली तर ही यादी फारशी बदलावी लागेल, असे वाटत नाही.

या मंडळीचा चिटणीस होता कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. हा पेशाने लष्करी इंजिनिअर. त्याने मुंबईत इंजिनिअरीच्या शिक्षणाची शाळा काढली आणि तीत शिक्षण दिले ते मराठी व गुजराती भाषांतून. त्यासाठी पुस्तके नव्हती, म्हणून त्याने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने चार्ल्स हटन याच्या गणितग्रंथाचे मराठीत रूपांतर केले. शास्त्रीबुवांना लीलावतीची परंपरा ठाऊक, कॅप्टनला युरोपातील गणित ठाऊक; दोघे एकत्र बसले तेव्हा मराठीला नव्या गणिताची भाषा मिळाली. जर्व्हिस एवढ्यावर थांबला नाही. त्याने शिक्षक तयार करण्याचे काम अंगावर घेतले, आणि १८२६ मध्ये शिकून तयार झालेले २४ शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविण्यात आले. क्रम पाहावा: आधी पुस्तक, मग शिक्षक आणि त्यानंतर शाळा.

त्याच वर्षी, म्हणजे १८२६ मध्ये, मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळाही सुरू झाली. तिचा प्रमुख सर्जन जॉन मॅक्लेनन. त्यालाही पुस्तके आधी तयार करवून घ्यावी लागली. शरीररचना आणि औषधे यांवरील मजकूर मराठीत उतरविण्याचे कष्ट त्याने घेतले. परंतु १८३२ मध्ये सरकारने ही शाळा बंद केली. सहा वर्षे हा काळ एखादी विद्या नव्या भाषेत रुजण्यास किती अपुरा आहे, हे सांगावयास नको. कोयीपासून वाढविलेले आंब्याचे झाड सहाव्या वर्षी कोठे मोहरू लागते. आपण त्याच वर्षी ते उपटले.

पुढच्या पिढीचे धुरीण बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’कार म्हणून सर्वजण त्यांना ओळखतात, पण ते एल्फिन्स्टन विद्यालयातील पहिले एतद्देशीय अध्यापकही होते, आणि दादाभाई नौरोजी त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होते. इंग्रजीत शिकवीत असतानाच बाळशास्त्र्यांनी मराठीत शून्यलब्धीसारख्या उच्च गणितावर पुस्तक लिहिले. १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी जो अध्यापनवर्ग निघाला, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. दुसऱ्याच वर्षी, उण्यापुऱ्या चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट दिसते. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक आणि शिक्षकांचा वर्ग ही तीन वेगळी कामे आहेत, असे त्यांना वाटले नाही. ज्ञान समजलेल्या माणसाने ते इतरांस समजेल असे करावे, या एकाच कामाची ती तीन अंगे होती.

१८४७ मध्ये मुंबईच्या शिक्षणमंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की, उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. जर्व्हिसने त्यास विरोध केला. आणि जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही हिंदी सभासद जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. नाना शंकरशेट यांनी आपले मत लेखी टिपणात मांडले. ते इंग्रजीचे विरोधक नव्हते. एल्फिन्स्टन विद्यालयाच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांचा आग्रह एवढाच की, बहुसंख्य लोकांपर्यंत विद्या पोहोचवावयाची असेल तर ती त्यांच्याच भाषेतून पोहोचेल. सरकारने १८४८ मध्ये तडजोडीचा निर्णय दिला. परंतु व्यवहारात उच्च शिक्षण इंग्रजीकडे गेले, आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती वाट पक्की झाली.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याचा विचार केला पाहिजे. मराठीत आधुनिक विद्या सांगण्याचे सामर्थ्यच नव्हते, म्हणून ती इंग्रजीकडे गेली, असे म्हणतात. इतिहास याला साक्ष देत नाही. १८४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेत तरुण विद्यार्थी व शिक्षक मराठीतून शास्त्रीय निबंध वाचीत, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक असे निबंध छापीत असे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहगणिताची कोष्टके मराठीत रचली, पदार्थविज्ञान मराठीत समजावून सांगितले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० नंतर मराठीतून वैद्यक शिकविणारा वर्ग निघाला, आणि पुण्यास १८७८ मध्ये भायखळ्याच्या नव्हे तर बैरामजी जिजीभाई यांच्या नावाची वैद्यकशाळा सुरू झाली, तिचे शिक्षणही मराठीतून होत असे. या वर्गांसाठी डॉ. नारायण दाजी, डॉ. सखाराम अर्जुन, डॉ. भिकाजी अमृत चोभे अशा डॉक्टरांनी मराठीत ग्रंथ लिहिले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायन व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत पुस्तकांमागून पुस्तके लिहिली, आणि ती लिहिताना परिभाषाही घडविली. सामर्थ्य होते. नव्हते ते सातत्य. ही माणसे आपापल्या दिव्याच्या उजेडात, नोकरी सांभाळून, बहुतेक वेळा स्वतःच्या हिमतीवर लिहीत होती. त्यांच्यामागे संस्था उभी राहिली नाही. मोडकांनी जी परिभाषा घडविली ती पुढच्या अध्यापकाच्या हाती पडेल, अशी काही सोय नव्हती. म्हणून प्रत्येकाने विहीर नव्याने खणली.

संस्था मागे उभी राहिली तर काय घडते, याचे उदाहरण बडोद्यास दिसते. सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन ही उद्योगशिक्षणाची संस्था स्थापन केली. तिचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रंगकाम, यंत्रकाम, शिल्प ही शास्त्रे कारागिरांच्या मुलांना शिकवावयाची, तर ती त्यांना कळणाऱ्या भाषेतच शिकविली पाहिजेत, हे तत्त्व गज्जरांनी धरले. आणि त्यासाठी पुस्तके हवीत म्हणून महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले. त्यांतून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला निघाली. शिकविणाऱ्यास ‘तुम्ही देशी भाषेत शिकवा’ एवढे सांगून महाराज स्वस्थ बसले नाहीत. काय घेऊन शिकवावयाचे, याची तरतूद त्यांनी आधी केली.

विसाव्या शतकात या प्रश्नाला दोन मोठी उत्तरे मिळाली. एक पुण्यास आणि दुसरे हैदराबादेस. महर्षी कर्वे यांनी १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये हिंगण्यास ते विद्यापीठ सुरूही केले. टोकियोच्या महिला विद्यापीठाचे वृत्त त्यांच्या वाचनात आले होते, आणि त्यावरून त्यांना ही स्फूर्ती झाली. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक सक्तीचा विषय, आणि पदवीचे नाव ‘गृहीतागमा’! कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. ज्या बायकांना घर सोडून महाविद्यालयात येणे शक्य नव्हते, त्यांच्या अडचणींचा विचार या विद्यापीठाने केला. अभ्यासक्रम विद्यार्थिनीच्या जीवनाकडे पाहून आखावा, विद्यार्थिनीने अभ्यासक्रमाकडे पाहून आपले जीवन मोडू नये, ही दृष्टी त्यात होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. परंतु पदवीच्या वर्गासाठी मराठी पुस्तकांची वाण होती. अध्यापकांना इंग्रजी ग्रंथ वाचून, मराठीत मांडून शिकवावे लागे. कर्व्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओझे निष्ठेने वाहिले. पण निष्ठा ही ग्रंथालयाची जागा घेऊ शकत नाही.

हैदराबादेचे उत्तर निराळे होते. तेथे उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली. पण त्याच्या आधीच, १९१७ मध्ये, भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली पंडितांनी व भाषांतरकारांनी ग्रंथ उर्दूत आणले, परिभाषेसाठी समित्या बसल्या, आणि मग १९१९ मध्ये वर्ग भरले. पुढे वैद्यक व अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकविण्यापर्यंत त्या विद्यापीठाने मजल मारली. शिकविणाऱ्याची शिदोरी आधी, शाळेची घंटा नंतर, हे सूत्र इतक्या काटेकोरपणे आपल्या देशात क्वचितच पाळले गेले असेल. मात्र या चित्राला दुसरी बाजूही आहे. त्याच संस्थानात मराठवाड्यातील मराठी मुले होती, तेलुगू आणि कन्नड मुले होती. त्यांच्या दृष्टीने उर्दू ही घरची भाषा नव्हती. जे दार एकाला सताड उघडे, ते दुसऱ्याला तितकेच जड. तेव्हा सुगमता या शब्दापाशी नेहमी एक प्रश्न विचारावा लागतो: कोणासाठी?

हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी फार स्पष्टपणे विचारला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा वर्ग सकाळी भरविण्याची व्यवस्था झाली. कारण ज्यांना दिवसा नोकरी करून घर चालवावे लागते, त्यांनी शिकावे कधी? येथे अडथळा भाषेचा नव्हता, घड्याळाचा होता. १९५० मध्ये औरंगाबादेस त्याच संस्थेचे महाविद्यालय निघाले, ते आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. येथे अडथळा अंतराचा होता. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. तेथे अडथळा पैशाचा होता, आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हा त्यावरचा उतारा. याच कर्मवीरांनी त्याच्या बारा वर्षे आधी, १९३५ मध्ये, शिक्षक तयार करणारे विद्यालय साताऱ्यास सुरू केले होते, हे विसरता कामा नये. खेड्यांत शाळा काढावयाच्या तर आधी खेड्याची जाण असलेला शिक्षक हवा, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर हे काम सरकारच्या हाती आले. भाषा संचालनालय स्थापन झाले, विषयवार परिभाषाकोश निघू लागले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षण देण्याची शिफारस केली, आणि त्यानंतर केंद्र सरकारने विद्यापीठीय ग्रंथांसाठी राज्यांना प्रत्येकी एक कोट रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. त्यांतून नागपूरचे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ काम करू लागले. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, विज्ञान अशा विषयांवर चांगले ग्रंथ निघाले, आणि कला व वाणिज्य शाखांत मराठी माध्यम रूढ झाले.

मग अडले कोठे? माझ्या मते ते येथे अडले की, ग्रंथ एका ठिकाणी तयार झाला, परिभाषा दुसऱ्या ठिकाणी आणि अध्यापक तिसऱ्या ठिकाणी राहिला. ज्याने वर्गात शब्द वापरावयाचा, तो शब्द घडविताना त्याला फारसे विचारले गेले नाही. कोशातील कित्येक शब्द त्यामुळे संस्कृताच्या भरजरी शालीत गुंडाळलेले आले आणि वर्गात ते कोणाच्या तोंडी बसले नाहीत. अध्यापक मनाशी इंग्रजी शब्द म्हणे, फळ्यावर मराठी लिही आणि विद्यार्थी दोन्ही विसरे. नव्या आवृत्त्या वेळेवर निघाल्या नाहीत. ती पोकळी भरून काढली बाजारातील मार्गदर्शकांनी, ज्यांना विद्यार्थी ‘गाईड’ म्हणतात. मराठी माध्यम घेणे म्हणजे गाईडावर विसंबणे, असा समज पसरला, आणि मग मराठी माध्यमाचा दर्जाच खालचा, असा निष्कर्ष काढणे सोपे झाले. दोष शिदोरीचा, आळ मात्र भाषेवर आला.

अध्यापकाच्या शिक्षणाचा विचार देशपातळीवर झाला तो १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर. विद्यापीठ अनुदान आयोगाने निरनिराळ्या विद्यापीठांत अध्यापक प्रबोधिनीवजा संस्था उघडल्या. नव्या प्राध्यापकाने तेथे काही आठवडे घालवावयाचे, अशी योजना होती. योजना आवश्यकच होती. शाळेत शिकविण्यासाठी पदविका लागते आणि महाविद्यालयात शिकविण्यासाठी केवळ विषयातील पदवी पुरते, ही विसंगती आपल्याकडे फार काळ चालत आली आहे. परंतु दोन भाषांच्या वर्गात कसे शिकवावे, अंध विद्यार्थ्यासाठी फळ्यावरची आकृती शब्दांत कशी सांगावी, हे प्रश्न या वर्गांत मध्यवर्ती व्हावयास हवे होते; ते व्हावयाचे आहेत.

अंध विद्यार्थ्यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण सुगमतेची खरी परीक्षा तेथे होते. आपल्या सर्व भाषांसाठी एकच ब्रेल लिपी, म्हणजे भारती ब्रेल, १९५१ मध्ये स्वीकारली गेली. तरीही महाविद्यालयीन पुस्तक ब्रेलमध्ये मिळणे दुर्मीळच राहिले. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी एक साधनकेंद्र उभे राहिले. तेथे संगणकाच्या वाचेने पुस्तक ऐकता येते आणि छापील मजकूर वाचनीय रूपात मिळविता येतो. २०१३ मध्ये माराकेश येथे दृष्टिहीन वाचकांसाठी स्वामित्वहक्काचे बंधन शिथिल करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला अनुमती देणारा पहिला देश भारत होता. हे वर्ष २०१४. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन सरकारी व अनुदानित संस्थांवर घातले. कायद्याने विद्यार्थी दारात आणून उभा केला, हे फार मोठे काम झाले. पण तो वर्गात बसला की पुन्हा तोच जुना प्रश्न येतो: त्याला शिकविणाऱ्याच्या हातात काय आहे?

आता अलीकडची एक घटना पाहू. २०२१ मध्ये देशातील काही महाविद्यालयांना प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची परवानगी मिळाली, आणि त्यांत पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात मराठीतून तो अभ्यासक्रम आखला गेला. जर्व्हिसच्या वर्गाला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे होत आली होती. या दोन शतकांत जर ती वाट सलग चालू राहिली असती, तर आज अभियांत्रिकीच्या मराठी अध्यापकाला दहा पिढ्यांचे शब्द वारशाने मिळाले असते. ते मिळाले नाहीत. तो पुन्हा पहिल्या कुदळीपाशी उभा आहे.

म्हणूनच आनेकलमधील त्या भाषांतरांच्या संग्रहाकडे मराठी माणसाने कुतूहलाने पाहावे. त्याचे मोल त्याच्या संख्येत नाही. त्याच्या जागेत आहे. भाषांतर तेथे वर्गाच्या शेजारी होते. जो निबंध वर्गात शिकवावयाचा आहे, तोच निवडला जातो. आणि एकदा झालेले भाषांतर एका अध्यापकाच्या कपाटात न राहता दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या विद्यापीठाच्या अध्यापकालाही मिळते. मोडकांच्या आणि छत्र्यांच्या काळी नव्हती ती हीच सोय. प्रत्येकाने आपली विहीर खणण्याऐवजी एक तळे बांधावे आणि त्यावर सर्वांनी पाणी भरावे, असा हा विचार आहे. अर्थात कन्नड आणि हिंदीचे हे तळे मराठीची तहान भागविणार नाही. मराठीचे तळे मराठी विद्यापीठांनाच बांधावे लागेल.

कोणी म्हणेल, अशाने विद्यार्थी इंग्रजीस मुकेल. अनुभव याच्या उलट आहे. ज्याला विषय आपल्या भाषेत उमगला, तो इंग्रजी ग्रंथाकडे धीटपणे जातो. कारण काय शोधावयाचे हे त्याला ठाऊक असते. कर्व्यांनी मातृभाषेबरोबर इंग्रजी सक्तीची ठेवली ती याच जाणिवेने. आणखी कोणी म्हणेल, सोपे केले की विद्या पातळ होते. पण सोपे करणे आणि सुगम करणे यांत अंतर आहे. गडाची उंची कमी करणे वेगळे आणि गडाला पायऱ्या बांधणे वेगळे. पायऱ्या बांधल्याने गड ठेंगणा होत नाही. वर पोहोचणारी माणसे तेवढी वाढतात.

या पायऱ्या बांधावयाच्या कोणी? एकट्या अध्यापकाने नव्हे. त्याला आठवड्यातील काही तास या कामासाठी मोकळे मिळाले पाहिजेत आणि भाषांतर व पाठ्यलेखन हे त्याच्या सेवेत कामगिरी म्हणून धरले गेले पाहिजे. आज एखादा चांगला मराठी पाठ्यग्रंथ लिहिण्यापेक्षा कोणी न वाचणारा निबंध छापणे बढतीस अधिक उपयोगी पडते. परिभाषा घडविताना वर्गातील अध्यापकास आणि विद्यार्थ्यासही विचारले पाहिजे. एका महाविद्यालयात तयार झालेला पाठ दुसऱ्यास विनामूल्य मिळाला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे काम पाच-सहा वर्षांत आटोपावयाचे नसून पिढ्यानुपिढ्या चालवावयाचे आहे, हे संस्थांनी मान्य केले पाहिजे. १८२३ च्या समितीने मोजलेल्या चार उणिवांपैकी पैशाची उणीव आज त्या प्रमाणात उरलेली नाही. उरलेल्या तीन उणिवा भरून काढावयास यंत्रे पुष्कळ साहाय्य करतील. भाषांतराचा कच्चा खर्डा आता यंत्रही क्षणात करून देते. पण तो खर्डा तपासावयास, त्यातला अवघडलेला शब्द काढून तोंडात बसणारा शब्द घालावयास, आणि शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा वाचावयास अध्यापकच लागतो. त्याची शिदोरी भरून देणे हे समाजाचे काम आहे, आणि ते दोनशे वर्षे अर्धेच राहिले आहे.